प्यूजो 205 जीटीआय: जुनंच इंजिन फुलवायचं की 16 व्हॉल्व्हचं बसवायचं?

205 जीटीआय या छोट्या, वेगवान फ्रेंच गाडीच्या 1.9 लिटर आवृत्तीचं 8 व्हॉल्व्हचं इंजिन मूळचं 130 अश्वशक्तीचं. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला, हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचे, पोर्ट (हवेचे मार्ग) साफ केले की ते खुलतं. पण कॅम सौम्यच निवडा. हवा मोजणारं मीटर झडपेचं आहे; तीव्र कॅममुळे इनटेकमधली हवा धक्के मारते, झडप फडफडते आणि आयडलिंग डुलतं. त्यापुढे जायचं तर इंधनाचं इंजेक्शनच बदलावं लागतं, मग खर्चाला धरबंध राहत नाही.

प्यूजोच्याच 405 एमआय16 या सेडानचं 16 व्हॉल्व्हचं इंजिनही 1905 सीसीचंच, पण 160 अश्वशक्तीचं, तेही कंपनीतूनच. जीटीआयचा गिअरबॉक्स त्याला जुळतो. वेळ जातो तो वायरिंगमध्ये: मोट्रॉनिक या इंजेक्शन प्रणालीचा ईसीयू (इंजिनचा संगणक), क्रँक सेन्सर, त्याला साजेसं फ्लायव्हील, सगळं इंजिन ज्या गाडीतून काढलं त्याच एका दाता गाडीचं घ्या. लांब वळणावर ऑइल पिकअपपासून (ते शोषून घेणाऱ्या नळीपासून) दूर सरकतं आणि बेअरिंग जातात, म्हणून ऑइलच्या पॅनमध्ये बॅफल (ऑइल अडवणारा पडदा) हवाच.

हेड दोन्हींत जपून उघडा. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) ओले, म्हणजे बाहेरून थेट कूलंट लागणारे. लायनर क्लॅम्पने न दाबता क्रँक फिरवलात तर लायनर उचलतो, खालचं सील सुटतं आणि कूलंट ऑइलमध्ये उतरतं.

आमचा कौल एमआय16 ला. घाटातली, रोजची गाडी असेल तर मात्र 8 व्हॉल्व्हच ठेवा.