अभंग वाचायचा की ऐकायचा?

तुकारामांचा ‘सुंदर ते ध्यान’ घेऊ. कागदावर वाचताना डोळा मूर्तीवरून फिरतो. आधी वीट, मग कटीवरचे कर, गळ्यातला तुळशीहार, कासेचा पीतांबर, कानांतली मकरकुंडले, कंठीचा कौस्तुभमणी. नजर थोडी खालीवर होत वर सरकते आणि शेवटी श्रीमुखाशी येते. गंमत अशी, की त्या मुखाचे वर्णनच नाही! ‘पाहीन श्रीमुख आवडीने’, म्हणजे पाहणे अजून व्हायचेच आहे. ही मेख सावकाश वाचल्याशिवाय सापडत नाही.

गाताना गोष्ट बदलते. प्रत्येक कडव्यानंतर गायक ध्रुपदावर, म्हणजे पहिल्याच ओळीवर, येतो आणि नजर पुन्हा विटेवर उतरते. वर जाणारी सरळ वाट मोडते, तिचे घोळणे होते. वाचकाला हे नुकसान वाटेल, मला नाही वाटत. आवडीची वस्तू माणूस एकदा पाहून थोडाच थांबतो?

छंदाचेही तसेच. इथे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. वाचताना ‘ठेवोनिया’पाशी ओळ तुटक संपते. गाण्यात मात्र हीच मोकळी जागा: स्वर लांबवायला, टाळकऱ्यांना ओळ उचलायला. यमक (विटेवरी, कटावरी) दोन्हीकडे कानात बसते, त्यावर फार बोलायला नको.

अर्थ लावायचा असेल तर माझे मत आधी कागदाला. नुसत्या गाण्यावर विसंबलो, तर चालीच्या गोडव्यात तो ‘पाहीन’ हमखास निसटतो.