डोळ्यांपुढचे तरंगते ठिपके: थांबावं, लेझर करावं की ऑपरेशन?

पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की काळे ठिपके, धागे, जळमटं डोळ्यांपुढून सरकतात आणि नजर वळवली की मागोमाग येतात. हेच फ्लोटर्स. डोळ्याच्या पोकळीत सुमारे ४ मिलिलिटर पारदर्शक जेली असते, तिला व्हिट्रियस म्हणतात. वयाबरोबर ती पातळ होते, तिच्यातले कोलॅजनचे तंतू गोळा होतात आणि त्यांची सावली डोळ्याच्या पडद्यावर पडते. पन्नाशीनंतर ही जेली पडद्यापासून सुटणं नेहमीचंच आहे. मोठा मायनस नंबर असेल किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर ती लवकर सुटते.

कोणताही पर्याय निवडण्याआधी ड्रॉप्स टाकून, बाहुली मोठी करून पडदा कडेपर्यंत तपासून घ्या. ठिपके अचानक वाढले, कडेला वीज चमकल्यासारखं झालं, काजळी उडाल्यासारखं दिसलं किंवा एका बाजूने काळी सावली चढू लागली, तर त्याच दिवशी जा. अशा अचानक तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाच्या पडद्याला चीर सापडते. चीर असेल तर तिच्याभोवती लेझर करतात, आणि ते पडदा वाचवण्यासाठी असतं. ठिपके घालवण्याचं लेझर निराळं. या दोन्हींची गल्लत फार होते. मधुमेहामुळे जेलीत रक्त उतरलं असेल किंवा डोळ्याच्या आत सूज असेल, तर उपचार त्या आजारावर होतात. पुढची तुलना त्यांच्यासाठी नाही.

पडदा सुरक्षित असेल तर बहुतेकांनी थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ठिपके सहसा नाहीसे होत नाहीत, पण काही महिन्यांत बरेचसे नजरेच्या मधून खाली किंवा बाजूला सरकतात, आणि मेंदूही त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. थांबण्यामुळे नवा धोका येत नाही, फक्त धीर लागतो. काही आठवड्यांनी फेरतपासणी मात्र चुकवू नका, कारण चीर उशिराही पडू शकते.

सहा महिने उलटूनही वाचताना अक्षरांवर तोच डाग येत असेल, तर लेझर की ऑपरेशन हा प्रश्न खरा होतो. 'लेझर सोपं, ऑपरेशन मोठं' एवढ्यावर तो सोडवू नये. तुमचा ठिपका कसला आहे, यावर सगळं ठरतं.

ठिपके घालवण्याचं लेझर म्हणजे याग लेझर. ते दवाखान्यात बसल्या बसल्या होतं. हनुवटी यंत्रावर टेकवायची, डोळ्यावर एक भिंग ठेवतात आणि डॉक्टर ठिपक्यावर नेम धरून एकेक झटका देतात. प्रत्येक झटक्याला टिक असा आवाज येतो आणि डोळ्यात बारीक बुडबुडे दिसतात, ते पुढे विरून जातात. एकच ठळक, कडीसारखा ठिपका असेल आणि तो डोळ्यातल्या मूळ भिंगापासून व पडद्यापासून पुरेसा लांब असेल, तर याचा उपयोग होतो. पसरलेल्या धुरकट जाळीवर फारसा होत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२ रुग्णांच्या एका चाचणीत लेझर झालेल्यांच्या तक्रारी सहा महिन्यांनी सरासरी ५४ टक्क्यांनी घटल्या, तर ज्यांच्यावर नुसतं लेझरचं नाटक केलं त्यांच्या ९ टक्क्यांनी. म्हणजे गुण येतो, पण पूर्ण आराम मिळेलच असं नाही. नेम चुकला तर भिंगाला किंवा पडद्याला इजा होऊ शकते, डोळ्याचा दाबही वाढू शकतो.

व्हिट्रेक्टॉमी हे खरं ऑपरेशन. डोळ्याच्या पांढऱ्या भागात साधारण अर्ध्या मिलिमीटरची तीन छिद्रं पाडून जेली कापून काढतात आणि तिच्या जागी सलाइनसारखं द्रव भरतात. जेली पुन्हा तयार होत नाही. डोळ्याचं स्वतःचं पाणी तिची जागा घेतं. ठिपके घालवण्याची सगळ्यात खात्रीची वाट हीच. मात्र मूळ भिंग शाबूत असलेल्या पन्नाशीपुढच्या बहुतेकांना दोन-एक वर्षांत मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं लागतं. थोड्या रुग्णांमध्ये पडदा सरकतो आणि क्वचित आत जंतुसंसर्ग होतो. या दोन्हींत नजर जाऊ शकते.

म्हणूनच मोतीबिंदू आधीच काढलेला आहे, जेली पडद्यापासून सुटलेली आहे आणि ठिपक्यांमुळे काम अडतंय, अशा माणसाला मी लेझरपेक्षा ऑपरेशनबद्दल विचारायला सांगेन. तिशीतल्या, मायनस नंबरच्या, भिंग निरोगी असलेल्या माणसाने मात्र हात आखडता घ्यावा. त्याची जेली अजून पडद्याला चिकटलेली असते; ती सोडवताना चीर पडण्याचा धोका वाढतो.

डॉक्टरांना यंत्रात काय दिसतं, यावरून तुमचा त्रास मोजता येत नाही. काही डोळ्यांत जेलीभर चमकदार कण पसरलेले असतात आणि रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो. उलट एकच बारीक कडी कुणाला ड्रायव्हिंग नकोसं करते. तेव्हा तपासणीला जाताना कोणतं काम अडतं, कोणत्या उजेडात आणि किती वेळ, हे लिहून न्या. दोन्ही डोळ्यांना त्रास असेल तर आधी एकच डोळा करून घ्या आणि त्याचा निकाल पाहूनच दुसऱ्याचं ठरवा.