पॅड घेताना आवाजाला भुलू नका: केनपोच्या सरावाचं साहित्य

धोबीतलावला खेळसाहित्याच्या दुकानात फोकस पॅड (ठोसे झेलायला हातात घालायच्या गाद्या) मागितले की दुकानदार एक पॅड डाव्या हातात चढवतो आणि उजव्या तळव्याने त्यावर सणसणीत चापट ठेवून देतो. ‘आवाज बघा!’ गिऱ्हाईक खूश. केनपो, म्हणजे कराटेसारखी स्वसंरक्षणाची कला, करणाऱ्याने नेमकं इथेच सावध व्हावं. रेक्झिन ताणून बसवलेलं असलं आणि त्याखाली कडक फोमचा थर असला की शाळकरी पोराची चापटही फटाक्यासारखी वाजते. त्या आवाजाचा आणि दणक्याचा संबंध फार थोडा.

केनपोत वेग मोठा की ताकद, हा वाद जुनाच आहे. एड पार्कर यांनी हवाईतून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर नेलेली ही पद्धत हातांच्या वेगासाठीच ओळखली जाते. एका हल्ल्याला पाच-सात वारांचं उत्तर, तेही दोन-तीन सेकंदांत. बघणारा थक्क होतो. पण त्यातले किती वार खरोखर बसले आणि किती नुसते शिवून गेले, हे हवेत हात फिरवून कळत नाही. त्यासाठी समोर काहीतरी धरावं लागतं. चुकीची वस्तू धरली तर मात्र गैरसमज आणखी पक्का होतो.

आधी हिशेब. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाची निम्मपट गुणिले वेगाचा वर्ग. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, म्हणून वेगवाले म्हणतात आमचंच खरं. गोम वस्तुमानात आहे. साठ किलोच्या माणसाचा एक हात खांद्यापासून बोटांपर्यंत जेमतेम तीन किलोचा भरतो. नुसता हात फेकला तर ठोशामागे तेवढंच वजन. उरलेल्या सत्तावन्न किलोंपैकी किती त्या क्षणी मुठीच्या मागे उभे आहेत, यावर दणका ठरतो. केनपोत याला ‘बॅकअप मास’ म्हणतात. कंबर वळवून वजन आणणं म्हणजे ‘टॉर्क’ आणि अंग खाली बसवून आणणं म्हणजे ‘मॅरेज ऑफ ग्रॅव्हिटी’. तिन्ही शब्द वर्गात पोपटासारखे पाठ असतात. पॅडवर ते दिसतात का, हा मुद्दा.

सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे तायक्वांदोवाल्यांचं पॅडल, दोन पापुद्रे एकमेकांवर आपटून टाळी वाजवणारं. वेगासाठी ठीक आहे. धरणाऱ्याने अचानक वर करायचं आणि समोरच्याने बॅकनकल, म्हणजे मुठीच्या मागच्या बाजूचा वार, मारून हात परत आणायचा. डोळ्याने पाहून हात हलायलाच साधारण पाव सेकंद जातो, तो वेळ कमी करण्याची सवय यावर लागते. ताकदीबद्दल मात्र पॅडल काहीच सांगत नाही, कारण ते मागे पळतं. मुलांच्या वर्गासाठी घ्या. मोठ्यांनी नाही घेतलं तरी चालेल.

फोकस पॅडची गोष्ट वेगळी. बाजारात मिळणारे बहुतेक पॅड बॉक्सिंगसाठी केलेले असतात: गोल, मध्ये खोलगट. सरळ ठोशाला उत्तम. केनपोत मात्र अर्ध्याहून जास्त काम तळहाताच्या कडेचं, मनगटाजवळच्या गादीचं आणि कोपराचं. हँडस्वोर्ड, म्हणजे तळहाताच्या कडेचा वार, खोलगट पॅडवर मारला की हाताची कड आधी काठाच्या गोटावर घासते आणि करंगळीखालची कातडी सोलते. चार दिवसांनी माणूस नकळत वार हलका करतो आणि त्याला वाटतं, आपण वेगावर काम करतोय! म्हणून सपाट किंवा अगदी किंचित वळलेला पॅड घ्या. काठाचा गोट आत दुमडून शिवलेला हवा, बाहेर उभा राहिलेला नको.

दुकानात चापटीऐवजी अंगठा वापरा. पॅड हातात घालून दुसऱ्या अंगठ्याने आधी मधोमध आणि मग चारही कडांना दाबून बघा. आतल्या तळव्याला अंगठा टोचला तर फोम पातळ आहे. तो मारणाऱ्याला कळणार नाही, धरणाऱ्याच्या मनगटाला कळेल. कडेला गाठी लागल्या तर आत चिंध्या भरल्या आहेत असं धरून चाला. आतल्या बाजूला मुठीत धरायला चेंडूसारखा उंचवटा असेल तर उत्तम. तो नसला की पॅड हातात फिरतो आणि मनगट मुरगळतं.

फोकस पॅडवरची सगळ्यात मोठी फसवणूक पॅडची नसते, धरणाऱ्याची असते. ठोसा येताना तो उत्साहाने पॅड पुढे आणून ठोशावर आपटतो. आवाज दुप्पट होतो आणि मारणाऱ्याची छाती फुगते. त्यातला निम्मा जोर धरणाऱ्याचा असतो. त्याने पॅड खांद्याच्या रेषेत धरावा, कोपर वाकलेलं ठेवावं आणि वार लागताना फक्त इंच-दोन इंच सामोरं जावं. हात पार लांब ताणून धरला तर खांदा दुखतो आणि वाराला टेकूही मिळत नाही.

आता किक शील्ड, म्हणजे लाथा झेलायची मोठी जाड गादी, कारण वेग आणि ताकदीचं भांडण खरं मिटतं ते इथे. साधारण 60 सेंटिमीटर उंच, 30 रुंद आणि 15 जाड हे माप केनपोला पुरतं. याहून पातळ शील्डवर फ्रंट किक (समोर मारलेली लाथ) बसली की धरणाऱ्याच्या मांडीला काळं-निळं होतं. मागे दोन आडवे पट्टे असतातच. शिवाय एका हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची बाजू अडकवता येईल असा उभा पट्टा आहे का ते बघा. त्यामुळे धरणाऱ्याचा दुसरा हात मोकळा राहतो आणि त्यात फोकस पॅड घालता येतो.

हे का महत्त्वाचं, ते ‘डिलेड स्वोर्ड’ या केनपोतल्या ठरलेल्या टेक्निकवरून कळेल. समोरच्याने उजव्या हाताने शर्ट धरला आहे. डावा पाय मागे, उजव्या हाताने आतल्या बाजूचा ब्लॉक, मग त्याच उजव्या पायाची फ्रंट किक, आणि पाय पुढे टेकतानाच उजव्या तळहाताच्या कडेचा वार मानेवर. नावातला ‘डिलेड’ त्यासाठीच. तलवार लाथेनंतर येते. सरावाला धरणाऱ्याने शील्ड ओटीपोटासमोर धरावी आणि मोकळ्या हातातला पॅड स्वतःच्या कानाच्या उंचीवर, बाजूला, उभा. ही मांडणी केली की तीन चुका उघड्या पडतात.

पहिली: पाय आधी टेकतो आणि वार नंतर येतो. वजन जमिनीत गेलं, हात रिकामा गेला. वेगाने करणाऱ्यांची ही कायमची चूक, पण त्यांना ती सांगून पटत नाही, कारण पॅड वाजलेला असतो. दुसरी याच्या उलट: पाय हवेत असतानाच हात लागतो, मग मारणाराच मागे ढकलला जातो. तिसरी: लाथ मारून पाय परत न ओढता तसाच धपकन खाली सोडतात. मग अंतर जास्त पडतं आणि मानेऐवजी खांद्यावर बोटं लागतात.

पहिल्या दोन चुका मोजता येतात. हल्लीच्या बऱ्याच फोनवर सेकंदाला 240 फ्रेमचं स्लो मोशन असतं. एक फ्रेम म्हणजे सुमारे 4 मिलिसेकंद. बाजूने चित्रण घ्या, पाऊल टेकल्याची फ्रेम शोधा, मग हात लागल्याची. दोन-चार फ्रेमचा फरक असेल तर छान. दहा-पंधरा पडला तर तो वार नुसत्या हाताचा आहे, कितीही चपळ दिसो. आधी निम्म्या वेगाने दहा वेळा पाय आणि हात एकत्र टेकवा, मग वेग थोडा चढवा. जुळणी बिघडली की लगेच एक पायरी खाली या. वेग वाढवायचा म्हणून स्नायू आवळले की उलट हात जड होतो. मूठ घट्ट करायची ती लागण्याच्या क्षणी, त्याआधी नाही.

शील्डही खोटं बोलते, पण वेगळ्या पद्धतीने. ती ढकलण्याला शाबासकी देते. अंगाने भारी माणूस शील्डवर नुसता रेलला तरी धरणारा दोन पावलं मागे जातो आणि सगळे ‘वा, काय पॉवर’ म्हणतात. ढकलणं आणि मारणं यांतला फरक संपर्काच्या वेळेत आहे. तोच जोर जितक्या कमी वेळात उतरेल तितका शरीराला जास्त लागतो. म्हणून धरणाऱ्याचे पाय बघा. तो न्यूट्रल बो या पवित्र्यात उभा असेल, म्हणजे वजन दोन्ही पायांवर सारखं आणि गुडघे मऊ, तर चांगला वार त्याच्या पोटात धपकन उतरतो पण मागची टाच जागची फारशी हलत नाही. टाच घसरत मागे गेली तर ते ढकलणं. शील्ड नुसती थरथरून जागेवर आली तर ती चापट. हे धरणाऱ्यालाच कळतं, त्यामुळे जोडी सतत बदलत ठेवा.

कंबरेच्या ताकदीसाठी ‘अल्टर्नेटिंग मेसेस’ हे टेक्निक घ्या. समोरून दोन हातांनी धक्का येतो. डावा पाय मागे, उजव्या हाताने ब्लॉक, न्यूट्रल बोमधून फॉरवर्ड बोमध्ये (पुढे झुकलेल्या पवित्र्यात) वळत डाव्या हाताचा सरळ ठोसा, आणि परत वळताना उजवा बॅकनकल. सगळी मजा मागच्या पायाच्या वळण्यात आहे. मुंबईत इथेच घोळ होतो. बरेचसे वर्ग शाळेच्या हॉलमध्ये लादीवर भरतात. जुलैत हवा दमट, वर पंधरा-वीस जणांचा घाम. मागचा पाय सटकतो, कंबर वळते पण जमिनीचा आधारच नसतो. विद्यार्थी बिचारा हात आणखी जोरात फेकतो. अशा जागी चार रबरी चटया, कोड्याच्या तुकड्यांसारख्या एकमेकींत बसणाऱ्या, कोणत्याही महागड्या पॅडपेक्षा जास्त ताकद देतील.

लटकती बॅग हा चौथा पर्याय. चार फुटी, तीस-पस्तीस किलोची बॅग दणक्यासाठी चांगलीच. पण ती पीओपीच्या खोट्या छताला टांगता येत नाही. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनर हवा आणि वरच्या मजल्यावरच्यांची सहनशक्ती हवी, कारण साखळीचा प्रत्येक हिसका स्लॅबमधून त्यांच्या घरात पोचतो. केनपोच्या दृष्टीने खरी अडचण निराळी आहे. बॅग वाकत नाही. ‘फाइव्ह स्वोर्ड्स’ या टेक्निकमध्ये पोटातल्या अपरकटने (खालून वर मारलेल्या ठोशाने) समोरचा पुढे वाकतो आणि पुढचा वार त्या वाकलेल्या मानेसाठी असतो. बॅगेवर हा क्रम धडाधड मारणारा माणूस समोरच्याच्या शरीराच्या पुढे पळतो: मान अजून खाली आलेलीच नाही आणि वार हवेतून गेला. अतिवेगाचा हा तोटा जोडीदाराशिवाय दिसत नाही. जोडीदाराने प्रत्येक वाराला, हलका का असेना, खरा प्रतिसाद द्यावा. मारणाऱ्याने त्याची वाट बघावी.

शिवाय कायद्याचंही आहेच. भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे, पण तो गरजेपेक्षा जास्त इजा करण्यापर्यंत जात नाही. पहिल्या दोन वारांतच समोरचा बसला तर उरलेले पाच मारायचे नसतात. नुसत्या वेगावर घोटलेलं टेक्निक मध्येच थांबवता येत नाही. प्रत्येक वार वजनाने टाकणाऱ्याला मात्र त्याचा परिणाम हाताला कळतो आणि थांबता येतं. शील्डवर कधी दोन, कधी तीन वारांवर धरणाऱ्याने ‘बस’ म्हणायचं आणि तिथेच मागे सरकायचं, हा सराव फार कमी वर्गांत दिसतो.

मग घ्यायचं काय? एकच वस्तू घेणार असाल तर शील्ड. दोन घेणार असाल तर शील्ड आणि सपाट फोकस पॅडची जोडी. वर्ग चालवत असाल तर सहा जणांमागे एक शील्ड पुरते, त्याहून कमी असली की रांग लागते आणि अंग थंड पडतं. चामड्याचे पॅड रेक्झिनपेक्षा बरेच महाग असतात आणि टिकतातही जास्त. मात्र मुंबईच्या पावसाळ्यात चामडं नीट सुकवलं नाही तर आठवड्यात बुरशी धरतं. वर्गाच्या कपाटात कोंबून ठेवणार असाल तर रेक्झिनच बरं. सराव झाला की कोरड्या फडक्याने पुसा आणि पंख्याखाली उभे ठेवा. शिवणीतून घाम फोममध्ये उतरला की वास जात नाही. शील्ड घरी न्यायची तर मरीन लाइन्सहून दुपारची गाडी पकडा. संध्याकाळी सहाच्या विरार फास्टमध्ये ती शील्ड न राहता चौथी सीट होते.

शील्डमध्ये पहिल्यांदा फोम जात नाही, पट्ट्याचं टोक उसवतं. कारखान्यात तिथे बहुतेक वेळा एकच सरळ शिवण मारलेली असते आणि फ्रंट किकचा सगळा झटका त्या दोन इंचांवर येतो. नवी शील्ड वापरायच्या आधीच स्टेशनबाहेरच्या मोच्याकडे न्या. चारही टोकांना जाड नायलॉनच्या दोऱ्याने चौकोन आणि मध्ये फुली, असा टाका मारून घ्या. वेल्क्रो असेल तर त्यात अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने काढत राहा, नाहीतर दोन महिन्यांत ते धरायचंच सोडतं.