मॅट्रिक्स, डिपार्टमेंट की डिव्हिजन? दोन-तीनशे माणसांच्या कंपनीने काय घ्यावं

चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज अशा ठिकाणी ऑर्डरप्रमाणे मशीन बनवणाऱ्या कंपन्या असतात ना, दोन-तीनशे माणसं, एसपीएम (एका ठराविक कामासाठी खास बनवलेलं मशीन) नाहीतर कन्व्हेयर लाईन बनवून द्यायची, त्यांच्यापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच. सुरुवातीला मालकच प्रत्येक ऑर्डरच्या मागे फिरत असतो त्यामुळे कुठलंही स्ट्रक्चर चालून जातं. मग ऑर्डरी वाढतात, फ्लोअरवर एकाच वेळी दहा-बारा मशीन उभ्या असतात, डिस्पॅचच्या तारखा हुकायला लागतात, आणि कुणीतरी कन्सल्टंट सांगतो की मॅट्रिक्स करा. म्हणजे माणसाला साहेब दोन, एक डिपार्टमेंटचा प्रमुख, म्हणजे एचओडी, आणि एक प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणजे पीएम.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तिन्हीत मॅट्रिक्स सगळ्यात महाग पडतं, मीटिंगच्या आणि डोकेदुखीच्या हिशोबाने. आणि ते चार्टवर तुटक रेषा काढून होत नाही. माणूस कोण देणार, मधेच कोण काढून घेऊ शकतो आणि इन्क्रिमेंटच्या कागदावर कुणाचं चालणार, एवढं ठरवलं तर ते उभं राहतं, नाहीतर बारभाईचा कारभार. हे ठरवायची तयारी नसेल तर बाकीच्या दोनांतलं एक घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

पर्याय थोडक्यात असे. फंक्शनल म्हणजे डिझाईन, परचेस, मशीन शॉप, असेंब्ली, इलेक्ट्रिकल अशी डिपार्टमेंट, सगळे आपापल्या एचओडीच्या हाताखाली. डिव्हिजन म्हणजे प्रॉडक्टप्रमाणे वाटणी, वॉशिंग मशीनची एक टीम, असेंब्ली लाईनची दुसरी, प्रत्येकीकडे स्वतःचा डिझायनर, स्वतःचा परचेसवाला. मॅट्रिक्स म्हणजे डिपार्टमेंट तशीच ठेवायची आणि त्यांच्यावरून आडवे प्रोजेक्ट टाकायचे. (वॉशिंग मशीन म्हणजे पार्ट धुणारी, घरातली नव्हे.)

एकच भानगड, तीन कंपन्यांत

नुसते फायदे-तोटे लिहून काही कळत नाही, म्हणून एक नेहमीचा प्रसंग घेऊ. डिस्पॅचला पंधरा दिवस राहिलेत, कस्टमर ट्रायल बघायला येतो आणि म्हणतो, कॉम्पोनंटचं ड्रॉइंग बदललंय, फिक्श्चर (पार्ट धरून ठेवणारी चौकट) बदलून द्या, तारीख मात्र तीच. आता डिझाईन, परचेस, मशीन शॉप आणि पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम, सगळंच हलणार.

फंक्शनल कंपनीत सेल्सवाला डिझाईनच्या एचओडीला मेल टाकतो. ते काम त्यांच्या रांगेत लागतं. ड्रॉइंग एकदम व्यवस्थित निघतं कारण वीस वर्षं तेच केलेला माणूस तपासतो, हे खरंच या पद्धतीचं मोठं बळ आहे. पण परचेस म्हणतं आणखी दोन मशीनचं मटेरियल एकत्र काढू, रेट चांगला मिळेल. परचेसचं काही चुकलेलं नाही बरं का, त्यांचा केआरए, म्हणजे वर्षअखेर ज्यावर काम मोजतात तो, कॉस्ट सेव्हिंगचाच आहे. मशीन शॉप म्हणतं आमची व्हीएमसी (पार्ट कापायचं सीएनसी मशीन) भरलेली आहे. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर, आणि पंधरा दिवसांचा हिशोब कुणाच्याच डोक्यात नाही. शेवटी सगळं मालकाच्या केबिनमध्ये येतं आणि तिथून फोन गेला की हलतं. मालक हाच प्रोजेक्ट मॅनेजर, फक्त तसं कुणी म्हणत नाही.

डिव्हिजनमध्ये हेच काम संध्याकाळी सुरू झालेलं असतं. हेड स्वतः टेबलाशी उभा राहतो, त्याचाच डिझायनर, त्याचाच परचेसवाला, विषय संपला. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. पीएलसी प्रोग्रॅमर दोन डिव्हिजनमध्ये वाटले की एकाकडे काम नसतं आणि दुसरा रात्री दहापर्यंत बसलेला. एका डिव्हिजनमध्ये एका मेकचे सिलेंडर, दुसरीत दुसऱ्या मेकचे, स्पेअरचं कपाट डबल. आणि त्या एकुलत्या एक प्रोग्रॅमरने राजीनामा दिला की ती डिव्हिजन तिथेच बसली.

मॅट्रिक्समध्ये दिवस चांगला असेल तर दोन्हीकडचं चांगलं मिळतं, प्रोजेक्ट मॅनेजर त्याच दिवशी सगळ्यांना एका टेबलाशी आणतो, ड्रॉइंग डिझाईनचा एचओडीच तपासतो, आणि परचेसला सांगितलं जातं की या ऑर्डरीत रेट नाही, तारीख बघायची. वाईट दिवस असेल तर? प्रोग्रॅमर दुसऱ्या प्रोजेक्टच्या कमिशनिंगला, म्हणजे मशीन बसवून चालू करून द्यायला, साईटवर. तिथला पीएम सोडत नाही कारण त्याच्या पीओत (कस्टमरच्या ऑर्डरच्या कागदात) लेट डिलिव्हरीची पेनल्टी आहे, इथल्या पीएमचीही तीच बोंब, एचओडी म्हणतो तुम्ही दोघं आपसात ठरवा. प्रोग्रॅमरला दोघांचे फोन, दोघांचंही अर्जंट. आणि मार्चमध्ये अप्रेझलला बसला की पीएम म्हणतो तुझं रेटिंग एचओडी देतो, एचओडी म्हणतो वर्षभर तू साईटवर, मी तुझं काम बघितलंय कुठे. दोन घरचा पाहुणा उपाशी तो असा. असली पोरं दीड-दोन वर्षांत निघून जातात, आणि एक्झिट इंटरव्ह्यूत लिहितात 'बेटर अपॉर्च्युनिटी'.

मोठ्यांनी काय केलं

मॅट्रिक्सचं मूळ 1960 च्या दशकातल्या अमेरिकेच्या विमान आणि अंतराळ उद्योगात आहे. तिथे सरकारला प्रत्येक प्रोजेक्टसाठी जबाबदार असा एक माणूस समोर हवा होता, आणि कंपन्यांना आपल्या इंजिनिअरिंग डिपार्टमेंट मोडायच्या नव्हत्या. गरज दोन बाजूंनी सारखीच जोरात होती. तुमच्याकडे तशी आहे का, हा पहिला प्रश्न.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण एबीबी, विजेची आणि ऑटोमेशनची यंत्रं बनवणारी कंपनी, ज्यांचा कारखाना आपल्या नाशिकमध्येही आहे. 1988 मध्ये स्वीडनची आसेआ आणि स्वित्झर्लंडची ब्राऊन बोव्हेरी एकत्र आल्या आणि नव्या कंपनीचे प्रमुख पर्सी बार्नेविक यांनी एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला धंदा अशी जगभर जाळी विणली. सुमारे 1300 कंपन्या, 5000 च्या आसपास प्रॉफिट सेंटर (स्वतःचा नफा-तोटा वेगळा मांडणारी युनिटं), आणि हेड ऑफिसात माणसं फक्त दीडशेच्या घरात. हे चाललं कसं, तर अबॅकस नावाची एकच रिपोर्टिंग सिस्टिम सगळ्यांना होती, आकडा कुठल्याही बाजूने बघा, तोच दिसणार. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे पीएमची एक्सेल वेगळी, प्लॅनिंगची वेगळी, आणि अर्धी भांडणं कुणाची शीट खरी यावरच होतात. पुढे 1998 मध्ये त्यांच्यानंतरचे प्रमुख गोरान लिंडाल यांनी प्रादेशिक थर काढला, आणि 2018 च्या डिसेंबरमध्ये पॉवर ग्रिड्सचा धंदा हिताचीला विकायचं जाहीर करताना जुनं मॅट्रिक्स बंद करतोय असंही कंपनीने सांगितलं. तीस वर्षं चालवलं आणि मग सोडलं, तेव्हा हे अपयश म्हणायचं की नाही यावर वाद घाला, पण कायमचं लग्न नाही एवढं नक्की.

ॲपलने उलटं केलं. स्टीव्ह जॉब्स 1997 मध्ये परत आले तेव्हा बिझनेस युनिटांचे जनरल मॅनेजर काढले, सगळ्या कंपनीचा नफा-तोटा एकच केला आणि कंपनी फंक्शनल केली, एवढी मोठी झाल्यावरही मूळ घडण तीच राहिली. म्हणून फंक्शनल म्हणजे जुनाट असं कुणी सांगितलं तर सोडून द्या.

टोयोटाचं मात्र नीट बघण्यासारखं आहे. गाडीच्या प्रत्येक मॉडेलला एक चीफ इंजिनिअर, पूर्वी त्याला शुसा म्हणायचे. बॉडी, चासी, इंजिनवाले इंजिनिअर त्याच्या हाताखाली नसतात, ते आपापल्या डिपार्टमेंटचे, पण गाडी कशी असेल आणि कितीत बसेल यात शब्द त्याचाच. हुकूम नाही तरी वजन आहे, कारण त्या जागेवर सगळं कोळून प्यालेला माणूसच बसवतात. आपल्याकडे पीएम कोण होतो? बोलायला चांगला असतो तो, किंवा ज्याला डिपार्टमेंटमध्ये जागा उरलेली नसते तो. मग त्याला साधा असेंब्लीचा सुपरवायझरही विचारत नाही. आणि टोयोटालाही मॉडेल आणि डिपार्टमेंट दोन्ही फार वाढल्यावर 1992 च्या सुमारास सारख्या प्रकारच्या गाड्यांची वेगवेगळी डेव्हलपमेंट सेंटर करावी लागली, म्हणजे थोडं डिव्हिजनकडे सरकावं लागलं.

घ्यायचंच ठरवलं तर

पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) केलेल्यांना वीक, बॅलन्स्ड, स्ट्राँग हे मॅट्रिक्सचे तीन प्रकार माहीत असतील, म्हणजे एचओडीपुढे पीएमचं वजन कमी, बरोबरीचं किंवा जास्त. कागदावर बॅलन्स्ड छान दिसतं, प्रत्यक्षात मला ते सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण दोघांचं वजन सारखं म्हटलं की प्रत्येक छोटी गोष्ट वर जाते. कल आधीच ठरवून सगळ्यांसमोर सांगा. पेनल्टी आणि तारखा हेच दुखणं असेल तर पीएम जड. मशीन साईटवर जाऊन बंद पडत असतील, सर्व्हिसचा खर्च वाढत असेल तर एचओडी जड.

मग निर्णय वाटा, पण तीस रकान्यांचा तक्ता नको, तो कुणी उघडत नाही. भांडण जिथे होतं तेवढंच लिहा. काय बनवायचं आणि कधी हे पीएम ठरवणार, कसं बनवायचं आणि कोण बनवणार हे एचओडी. एकदा दिलेला माणूस ठरलेल्या तारखेआधी काढायचा असेल तर दोघांची सही. ओव्हरटाईम आणि बाहेरून जॉबवर्क करून घ्यायचा खर्च पीएमच्या बजेटमधून, म्हणजे उगाच अर्जंट म्हणायची सवय आपोआप कमी होते.

आठवड्याला एक लोडिंग मीटिंग, म्हणजे कुणावर किती काम आहे ते बघायची, अर्ध्या तासाची, एकच शीट, त्यात फक्त कमी पडणारी माणसं. सगळ्यांचं लोडिंग काढत बसू नका, अडतं नेहमी दोन-चार जणांवर, पीएलसी, रोबो प्रोग्रॅमिंग, एखादा सीनियर डिझायनर. तिथे दोन पीएमचं जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निर्णय देणारा एक माणूस नावासकट ठरलेला हवा, आणि तो शक्यतो मालक नको, नाहीतर पुन्हा तीच केबिन.

अप्रेझलचं सगळ्यात शेवटी लिहितोय पण पैसे तिथेच आहेत. रेटिंग एचओडी देऊ दे, पण पीएमचं लेखी मत आल्याशिवाय फॉर्म पुढे सरकता कामा नये, आणि ते मार्चमध्ये नाही, प्रोजेक्ट संपला की त्याच आठवड्यात घ्यायचं. एचओडीच्या केआरएमध्येही प्रोजेक्ट वेळेवर गेल्याचे मार्क टाका. ते टाकले नाहीत तर एचओडी आपला चांगला माणूस लपवून ठेवणार आणि नवशिका पुढे करणार, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

मग कुणी काय घ्यावं

मशीन थोड्याफार फरकाने सारख्याच असतील आणि एका वेळी चार-पाच ऑर्डरी असतील तर फंक्शनलच ठेवा, वर एक चांगला प्लॅनर बसवा जो रोज फ्लोअरवर फिरेल. निम्मे प्रॉब्लेम तेवढ्याने सुटतात.

दोन प्रॉडक्टचे कस्टमर वेगळे, तंत्र वेगळं, आणि दोन्हीकडे माणसांना वर्षभर पुरेल एवढं काम असेल तर डिव्हिजन. फक्त स्टँडर्ड पार्ट आणि व्हेंडर लिस्ट एकाच जागी ठेवा, ते वाटू नका.

मॅट्रिक्स त्यांच्यासाठी, ज्यांचा प्रत्येक प्रोजेक्ट वेगळा आहे, कामाची माणसं कमी आहेत आणि एकाच प्रोजेक्टला बांधून ठेवणं परवडत नाही. तेही सगळ्या कंपनीत एकदम नको. पेनल्टीवाल्या दोन-तीन मोठ्या ऑर्डरींपासून सुरू करा, बाकीच्या जुन्याच पद्धतीने जाऊ द्या. आणि त्यासाठी पीएम निवडताना एचओडींनाच विचारा की यातला कुणी मध्यरात्री फोन करून तुमचा माणूस मागितला तर तुम्ही द्याल. ज्याचं नाव दोन-तीन एचओडी घेतील त्याला घ्या, आणि असं एकही नाव निघत नसेल तर सध्या हा विषय बाजूला ठेवा, आधी तसा माणूस तयार करा किंवा बाहेरून आणा.