सात हजारांचं ‘सूटपत्र’

गोव्यातून परदेशी क्रूझला निघणाऱ्यांनी, विशेषतः बरोबर वयस्कर माणूस असेल त्यांनी, हे वाचावं. आमच्या एजंटने तिकिटात काही गडबड केली नाही. बोट खरी, केबिन खरी, सिंगापूरचे व्हिसेही खरे. लुबाडलं ते ‘कागदपत्रांच्या’ नावाखाली.

बेत साधा होता. सिंगापूरहून बोट पकडायची, पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूरला उतरायचं. मी, बायको, मुलगा आणि आई. एजंटचं ऑफिस म्हापशात, बाहेर फलकावर विमान तिकिटं, टूर आणि पोर्तुगीज जन्मनोंदणी असं सगळं एकाच दमात लिहिलेलं. बोलायला गडी गोड. आईला म्हणाला, “काकी, तुम्ही फक्त बॅग भरा. आपल्या मुरगावला एवढाल्या बोटी लागतात, तिथे उतरणाऱ्यांना कोण व्हिसा विचारतो? बंदरातलं सगळं वेगळंच असतं.”

हे धादांत खोटं. मुंबईहून गोव्याला येणाऱ्या बोटीतल्या भारतीय प्रवाशाला साधं ओळखपत्र पुरतं, कारण तो देशाबाहेर जातच नाही. पण मुरगावला परदेशी बोटीतून उतरणाऱ्या गोऱ्या पर्यटकाला भारताचा व्हिसा लागतोच, आणि ई-व्हिसावर उतरता येणाऱ्या बंदरांत गोव्याचं नाव आहे. बोटीने गेलं म्हणून देशांचे नियम माफ होत नाहीत.

पुढे त्याने माणशी ४,५०० रुपये लावले, मलेशिया आणि थायलंडच्या ‘पोर्ट व्हिसा’चे. चौघांचे अठरा हजार. पावतीवरही तेच शब्द. आम्ही गेलो तेव्हा या दोन्ही देशांत भारतीय पर्यटकाला व्हिसाच लागत नव्हता. मलेशियाने तर १ डिसेंबर २०२३ पासूनच सूट दिलेली होती. एजंटने आम्हाला जे रंगीत कागद दिले ते त्या देशांच्या डिजिटल आगमन कार्डांचे प्रिंट होते. मलेशियाचं, थायलंडचं आणि सिंगापूरचंही कार्ड त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर फुकट भरता येतं. पैसे मागणारी बनावट संकेतस्थळंही आहेत, तेव्हा पत्ता नीट बघूनच माहिती भरा.

पण खरा घाव आईच्या पासपोर्टवर बसला.

सिंगापूरला पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने शिल्लक लागते. आईच्या पासपोर्टला त्यात अकरा दिवस कमी पडत होते. व्हिसाचा अर्ज आधी केलेला, तेव्हा मुदत पुरेशी होती, म्हणून व्हिसा आला. दिवस मोजून ही अडचण आम्हीच एजंटच्या कानावर घातली, पणजीला जाऊन पासपोर्ट नवा करून घेऊ का, असंही विचारलं. त्याने हातच जोडले. “नका! पासपोर्टचा नंबर बदलला की व्हिसा गेला, बोटीचं बुकिंग गेलं. मी कंपनीकडून सूटपत्र आणून देतो. सात हजार. गेल्या महिन्यात मडगावचं एक कुटुंब गेलं, त्यांना कुणी व्हिसासुद्धा विचारला नाही.”

मडगावच्या कुटुंबाचं गूढ नंतर उलगडलं. त्यांचे पासपोर्ट पोर्तुगालचे. पोर्तुगीज नागरिकाला सिंगापूरला पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. आपल्याकडे जुन्या पोर्तुगीज राजवटीमुळे एकाच वाड्यावर, कधी एकाच घरात, दोन देशांचे पासपोर्ट असतात, आणि एकाचा अनुभव दुसऱ्याला सांगून एजंट मोकळा होतो. शेजारी कुठून गेला ते विचारू नका, कुठल्या पासपोर्टावर गेला ते विचारा.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने सूटपत्र वाचलं, उलटून पाहिलं आणि शांतपणे परत दिलं. मुदतीची अट सिंगापूर सरकारची. बोटीची कंपनी त्यात सूट देऊच शकत नाही. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. प्रवाशाला तिकडून परत धाडलं तर भुर्दंड विमान कंपनीला बसतो. बायको आणि मुलगा पुढे गेले, मी आईला घेऊन माघारी आलो. बोटीची आमची दोघांची रक्कम बुडाली, कारण कागदपत्रं पुरी असण्याची जबाबदारी प्रवाशाची, असं तिकिटाच्या अटींतच असतं. आई वाटभर एवढंच म्हणत होती, की त्या एजंट पोराने तोंडावर खोटं सांगितलं.

नवा पासपोर्ट करायला सरकारी शुल्क होतं १,५०० रुपये, तत्काळ हवा तर आणखी २,०००.  व्हिसाचं काम पुन्हा करावं लागलं असतं हे खरं, पण तेवढ्याला वेळ होता. एजंटला ते नको होतं, कारण त्यात त्याला सात हजार सुटत नव्हते.

आमच्या शेजारी एक तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेला माणूस, आहे, उभी हयात प्रवासी बोटींवर गेलेली. त्याला सूटपत्राचा कागद दाखवला. त्याने तो उजेडात धरला आणि हसला. गोल जांभळा शिक्का, मध्ये नांगर, आणि बोटीच्या कंपनीचं नाव वर एका स्पेलिंगने, खाली दुसऱ्या. आईच्या नावाच्या जागी व्हाइटनरचा पट्टा होता आणि त्याच्याखाली आधी टाइप केलेलं कुणा बाईचं नाव पुसट दिसत होतं. म्हणजे हे पत्र विकलं जाण्याची पहिलीच वेळ नव्हती.

आणखी एक सापडलं. परदेशी टूरवर एजंट आपल्याकडून टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतो, तो आपल्या पॅनवर जमा व्हायला हवा. आमच्या पावतीत टीसीएस लावलेला, पण २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा सरकारी उतारा, उघडला तर तिथे एक रुपया नाही. ज्यांनी कुणाकडून परदेशी पॅकेज घेतलंय त्यांनी हे आजच तपासा, घरबसल्या होतं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे ऑनलाइन दिले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितकं हाती लागणं कठीण. ग्राहक आयोगातही जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

तक्रारीचा सुगावा लागताच एजंटचा फोन आला. आवाज पुन्हा गोड. पैसे परत देतो म्हणाला, फक्त ते पत्र ‘रिफंडच्या प्रोसेस’साठी ऑफिसात जमा करा. झेरॉक्स चालेल का, विचारलं. नाही, मूळच हवं. असं पत्र तुमच्याही घरात असेल तर हातचं सोडू नका, झेरॉक्समध्ये व्हाइटनरखालचं नाव दिसत नाही.