ड्रममधल्या पाण्यात फ्लॅशर चालवून दाखवला आणि माझे साडेअठरा हजार गेले

ऐरोलीला राहतो, गळ टाकायचा नाद लहानपणापासून, सुट्टीच्या दिवशी दिवाळे गावच्या एका काकांच्या होडीतून खाडीत जातो. जिताडा कुठल्या खोलीला बसतो ते काकांना बरोबर कळतं, आपल्याला कळत नाही, म्हणून बरेच दिवस फ्लॅशर घ्यायचं मनात होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे गोल तबकडीचं सोनार मशीन असतं, म्हणजे पाण्यात आवाज सोडून परत आलेल्या आवाजावरून खाली काय आहे ते दाखवणारं, अमेरिकेत थंडीत गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरतात तिकडे फार वापरतात. तबकडीवर शून्याला एक दिवा म्हणजे पाण्याचा वरचा थर, खाली तळाचा जाड पट्टा, आणि मध्ये जो दिवा लागेल तो मासा नाहीतर तुमचाच गळ. तीन रंगाच्या मशीनमध्ये लाल म्हणजे जोरात परत आलेला आवाज, नारिंगी मधला, हिरवा कमजोर. सगळं त्याच क्षणी दिसतं, म्हणून मला हेच पाहिजे होतं.

तुर्भ्याला एका गाळ्यात सेकंडहँड माल विकणारा भेटला, ऑनलाइन जाहिरात बघून गेलो होतो. नाव लिहीत नाही, पोलिसात अर्ज दिलाय. त्याने निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये ट्रान्सड्युसर (वायरला लोंबणारा, आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग) सोडला, गेन (परत आलेला आवाज किती वाढवायचा त्याचं बटण) फुल केला आणि तबकडी सगळी लालेलाल. म्हणाला बघा साहेब काय पॉवर आहे. मीपण खुश झालो, १८,५०० जागेवर यूपीआय केले, बिल मागितलं तर म्हणाला जुन्या मालाला बिल नसतं, आणि मी गप्प बसलो. इथेच माझं चुकलं, आणि तुमचं चुकू नये म्हणून एवढं लिहितोय.

ड्रममध्ये काय होतं ते मला नंतर कळलं. तीन फूट पाणी, आवाज तळाला आपटतो, बाजूंना आपटतो, परत वर येऊन पुन्हा खाली जातो, त्यात गेन फुल, म्हणजे मशीन अगदी कमजोर असलं तरी दिवे लागणारच. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, त्यामुळे तीन फुटांचं जाणं-येणं म्हणजे काहीच नाही, खरी परीक्षा पंचवीस-तीस फुटांवर.

रविवारी भरतीला वाशी पुलाच्या बाजूला गेलो. काकांनी शिशाची दोरी सोडली, चार वाव म्हणजे २४ फूट. मशीनवर शून्याचा दिवा आणि मध्ये नुसती हिरवी गिचमिड, तळ नाहीच. काका म्हणाले, "काय रं, तुझं मशीन काय बोलतंय?" मला बोलवेना. इंजिनमुळे गडबड होते म्हणून इंजिन बंद केलं, ट्रान्सड्युसर तिरका असेल म्हणून सरळ लोंबता धरला, खालचे बुडबुडे हाताने पुसले, ४० फुटांची रेंज लावली, ८० ची लावली, गेन शून्यापासून हळूहळू वर नेला (तळ दिसेपर्यंतच न्यायचा असतो, त्याच्यापुढे नेला की नुसता कचरा दिसतो). काहीच नाही.

फोन केला तर म्हणतो खाडीत चिखल आहे ना, चिखलाचा तळ दिसत नाही. ही अर्धी खरी गोष्ट आहे आणि म्हणूनच माणूस फसतो. चिखल आवाज शोषतो, पट्टा खडकासारखा लखलखीत येत नाही, फिकट येतो, पण येतो. आणि मी पावशेर शिसं ट्रान्सड्युसरच्या बरोबर खाली आठ-दहा फुटांवर सोडून वरखाली केलं, त्याचासुद्धा दिवा नाही. तिथे तर चिखलाचा प्रश्नच नव्हता.

शेवटी ठाण्याच्या एका मित्राकडे त्याच कंपनीचं मशीन आहे, त्याचा ट्रान्सड्युसर माझ्या मशीनच्या डब्याला लावला आणि पहिल्या फेरीत तळ दिसला, शिसं वर ओढलं की दिवा पण शून्याकडे सरकत जायचा, इतकं छान वाटलं आणि तितकाच रागही आला. डबा २०० किलोहर्ट्झच्या आवाजाचा (ट्रान्सड्युसरही तेवढ्याचाच लागतो), मित्राच्या ट्रान्सड्युसरवर तसं लिहिलेलं, माझ्यावरचं लेबल खरवडून टाकलेलं. दुसऱ्याच कसल्यातरी मशीनचा ट्रान्सड्युसर प्लग बदलून जोडला होता. नीट बघितलं तर वायरला प्लगजवळ जोड दिसतोय, वर काळी टेप.

गाळेवाला आता फोन उचलत नाही. सायबरच्या १९३० वर कॉल केला, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि त्याचे मेसेज जपून ठेवलेत, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरपण तक्रार टाकली. बिल असतं तर काम सोपं झालं असतं.

त्याची जाहिरात अजून चालू आहे, नवीन फोटो, तोच निळा ड्रम. कुणी घ्यायला जात असाल तर म्हणावं जेट्टीवर चला, भरतीला, आणि शिसं सोडून दाखवा. तयार झाला नाही तर पैसे देऊ नका. तयार झाला तर मला बोलवा, ऐरोली ते बेलापूर कुठेही येतो, दोरी आणि शिसं मी आणतो.