टक्के दोघांचे तीस, पैसे एकालाच

दारव्ह्याच्या बाजाराच्या दिवशी माझ्या ओसरीवर दोन पिशव्या आल्या. दोन्हींत फौजेतून सुटतानाच्या मेडिकल बोर्डाचे कागद. दोघेही मुदत पुरी करून 2019 मध्ये घरी आलेले. एकाचा गुडघा गेलेला, दुसऱ्याला बीपी. बोर्डाने दिलेले अपंगत्वाचे टक्के दोघांचेही तीस. गुडघेवाल्याला पेन्शनवर अपंगत्वाची वेगळी रक्कम येते, बीपीवाल्याला दमडी नाही. त्याने विचारलं, "बाबूजी, टक्के तं सारखेच, मंग मले काऊन नाही?" मी फौजेत क्लार्क होतो, म्हणून गावाला बाबूजी.

त्याला म्हटलं, टक्का शेवटी पाहायचा. आधी बोर्डाच्या कागदावरचे ते रकाने पाहा, जिथे दुखणं नोकरीमुळे झालं का, किंवा नोकरीमुळे वाढलं का, ते लिहिलेलं असतं. दोन्हींपैकी एकाला जरी 'येस' असेल तर हिशेब सुरू होतो. दोन्हींना 'नो' असेल तर तीसच काय, ऐंशी टक्केही रद्दीच. गुडघ्याचा अपघात ड्यूटीवर झालेला, त्याची कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेतली चौकशी, झालेली. बीपीच्या कागदावर दोन्हीकडे 'नो'.

आता पैशाचं. समजा, बेसिक आणि 5,200 रुपये मिलिटरी सर्व्हिस पे धरून शेवटचा पगार 40,000 होता. शंभर टक्के अपंगत्वाला त्याच्या 30 टक्के, म्हणजे महिन्याला 12,000. तीस टक्क्यांना 3,600 व्हायला पाहिजेत, पण इथे टक्के वर ओढतात: 50 च्या खालचे 50 धरतात, 50 ते 75 चे 75, त्यावरचे 100. म्हणून गुडघेवाल्याचे 6,000, वर महागाई वेगळी. आधी ही सवलत दुखण्यामुळे नोकरी सोडावी लागलेल्यांनाच होती. मुदत पुरी करून आलेल्यांनाही ती लागू, हे सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2014 मध्ये राम अवतार प्रकरणात ठरवलं. तुमच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या हुकमावर, अजून 30 च असेल तर आधी रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे आपले नोकरीचे कागद ठेवणाऱ्या फौजेच्या कचेरीला, अर्ज करा. त्यासाठी वकील लागत नाही.

खरी गंमत काठावर आहे. मुदत पुरी करून आलेल्याला 20 च्या खाली काहीच नाही. म्हणजे 19 ला शून्य आणि 20 ला 6,000! 49 ला 6,000, तर 50 ला थेट 9,000. अन् गुडघ्याचे 30 नि कानाचे 20 मिळून 50 झाले, असं घरी बसून धरू नका. बोर्ड बेरीज करत नाही, सगळ्या दुखण्यांचा मिळून एक टक्का देतं, आणि तो बेरजेपेक्षा कमी असू शकतो. पाहायचा तो एकत्रित आकडा.

युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना जखमी झालेल्याचं माप निराळं. मुदत पुरी करून आला तर शंभर टक्क्यांना पगाराच्या 30 ऐवजी 60 टक्के. जखमेमुळेच घरी पाठवला असेल तर शंभर टक्क्यांना पूर्ण पगाराएवढी रक्कम, सर्व्हिस पेन्शन वेगळी.

बीपीवाल्यासमोर तीन वाटा होत्या. गप्प बसणं, खात्याकडे अपील, किंवा फौजींचे दावे ऐकणारं मुंबईचं सशस्त्र दल न्यायाधिकरण. गप्प बसणं मला पटत नाही, कारण 'नो' चं 'येस' झालं तर त्याचा हिशेबही महिन्याला तेवढाच, 6,000 होतो. वर्षाचे 72,000 हे आमच्याकडच्या कोरडवाहू वावरात कापूस काढून हाती उरणाऱ्या पैशापेक्षा बरे. मग सरळ मुंबईच का नाही? तर आधी खात्याकडे दाद मागितल्याशिवाय न्यायाधिकरण सहसा अर्ज घेत नाही. अपिलाला सहा महिने उत्तर नाही आलं तर मात्र दार उघडतं. म्हणून अपील आधी, आणि ते नकाराचं पत्र हातात पडल्यापासून सहा महिन्यांत. त्याला पोस्टाचा खर्च. मुंबईला वकील, बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेस, मुक्काम, तारखा.

याचं नकाराचं पत्र ट्रंकेत चार वर्षं पडलेलं. मुदत कधीच गेली, तरी उशिराचं कारण लिहून अपील टाकायला लावलं. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने उभा राहतो. पण 2008 च्या तर्सेम सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने उशिरा आलेल्याची थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच धरली. म्हणजे आज केलं काय नि पुढच्या पोळ्याला केलं काय, फरक पडतोच.

अपिलात टक्क्यांशी भांडू नये, असं माझं मत. टक्क्यांना हात लावायला न्यायाधिकरण फारसं राजी नसतं. भांडायचं ते 'नो' शी. भरतीच्या वेळी बीपीची नोंद नव्हती, मग हे दुखणं आलं कुठून? 2013 च्या धरमवीर सिंग निकालात कोर्टाने जुन्या 1982 च्या नियमांवर हेच धरलं: भरतीला तंदुरुस्त होता तर दुखणं नोकरीतलं मानायचं, तसं नाही हे खात्याने दाखवायचं. शिवाय कुठे, किती काळ पोस्टिंग होतं ते तारखांसकट. उंचीवरची, फील्डमधली वर्षं आधी लिहा.

एक सांगून ठेवतो. 21 सप्टेंबर 2023 पासून सुटलेल्यांना 2023 चे नवे नियम आहेत. त्यांनी वरचा हिशेब स्वतःला लावू नये, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आपला कागद दाखवावा.

बीपीवाल्याच्या पिशवीत बोर्डाची पूर्ण प्रत नव्हतीच, फक्त नकाराचं पत्र. बोर्डाने 'नो' का लिहिलं ते त्या प्रतीतच असतं. म्हणून अपिलासोबत त्याच दिवशी रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्जही रजिस्टर्ड पोस्टाने टाकला.